चिकुनगुनिया गेला, मग सांधे का धरलेले? (संशोधन कुठवर आलंय)

रानजाई

मागच्या महिन्यात पावसाळी आजारांच्या धाग्यावर एकच प्रश्न निरनिराळ्या आयडींनी विचारला होता. ताप चार दिवसांत उतरला, पुरळ गेलं, रक्ताचे रिपोर्ट बरे आले, तरी सकाळी उठल्यावर मूठ वळत नाही आणि जिना उतरताना घोटे बोंब मारतात. असं का? तिथली उत्तरं ‘वय झालं’पासून ‘वात आहे, दही बंद करा’पर्यंत गेली आणि मग धागा डासांच्या कॉइलवर घसरला. म्हणून हा वेगळा काढतेय.

मी रोगप्रतिकारक पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे ‘मी कोणती गोळी घेऊ’ याचं उत्तर माझ्याकडे नाही. इथे दोनेक डॉक्टर आयडी आहेत, ते सवडीने लिहितीलच.

आधी थोडा इतिहास, कारण त्यात आपली गावं आहेत. हा विषाणू पहिल्यांदा ओळखला गेला तो १९५२-५३ साली, टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) साथीत. भारतात १९६३ ला कोलकात्यात मोठी साथ आली, १९७३ ला बार्शीत, आणि नंतर तीसेक वर्षं सगळं सामसूम. मग २००५-०६ मध्ये हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर त्याने जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या आडवी केली, आणि २००६ मध्ये भारतातल्या संशयित रुग्णांचा सरकारी आकडा १३ लाख ९० हजारांच्या घरात गेला. पुण्याच्या एनआयव्हीने (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने) विषाणूचा जनुकीय क्रम तपासला तेव्हा कळलं की १९६३ आणि १९७३ चा विषाणू आशियाई प्रकारचा होता, २००६ चा मात्र आफ्रिकी. यातला माझा आवडता तपशील यवतचा आहे. हो, पुणे-सोलापूर रस्त्यावरचं यवत. २००० साली तिथल्या डासांतून मिळालेला विषाणू तपासला, तर तोही आफ्रिकी प्रकारचाच निघाला. म्हणजे साथ यायच्या किमान पाच वर्षं आधी पाहुणा येऊन बसला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

आता मुद्द्यावर येते. रक्तातला विषाणू साधारण आठवड्याभरात दिसेनासा होतो. सांधेदुखी मात्र बऱ्याच जणांची महिनोन्‌महिने राहते. तीन आठवड्यांपर्यंत तीव्र, तीन महिन्यांपर्यंत मधला टप्पा आणि त्यापुढे जुनाट, अशी ढोबळ विभागणी डॉक्टर करतात. रेयुनियाँतल्या रुग्णांचा ३६ महिने पाठपुरावा केला तेव्हा त्यातले ६० टक्के तीन वर्षांनंतरही सांधे दुखत असल्याचं सांगत होते. पस्तिशीच्या पुढे असण्याने धोका वाढतो असंही त्यात दिसलं.

का दुखतं, याबद्दल दोन मतं आहेत.

पहिलं मत असं, की विषाणू पूर्ण गेलेलाच नाही, तो सांध्यात दडून आहे. याला आधार आहे. २०१० साली छापून आलेल्या अभ्यासात रेयुनियाँच्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तराचा तुकडा तपासला होता. आजाराला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तरी तिथल्या मॅक्रोफेज पेशींत (कचरा गिळणाऱ्या, पहारा देणाऱ्या पेशी) विषाणूचा आरएनए (त्याचा जनुकीय मजकूर) आणि प्रथिनं सापडली. त्याच वर्षी माकडांवरच्या प्रयोगातही रक्त स्वच्छ झाल्यावर तो ऊतींतल्या मॅक्रोफेजमध्ये टिकून राहिलेला दिसला. पुढे २०१९ मध्ये उंदरांत अशी युक्ती केली की ज्या पेशीत विषाणू एकदा शिरला ती कायमची खुणेने ओळखता यावी. त्यात त्वचेतल्या आणि स्नायूतल्या काही पेशी संसर्गातून जिवंत वाचलेल्या दिसल्या, आणि विषाणूचा उरलेला आरएनए त्यांच्यातच होता.

दुसरं मत असं, की विषाणू केव्हाच गेला, पण त्याच्यासाठी जागी झालेली प्रतिकारयंत्रणा शांत व्हायला तयार नाही. यालाही आधार आहे. कोलंबियातल्या बारांकिया शहरात ३८ रुग्णांच्या सांध्यातलं पाणी काढून तपासलं. संसर्गाला साधारण २२ महिने झाले होते. एकाच्याही सांध्यात विषाणू सापडला नाही. आणि सिंगापूरच्या लिसा एंग यांच्या गटाने उंदरांवर जो प्रयोग केला तो मला सगळ्यात बोलका वाटतो. सीडी४ टी पेशी (बाकीच्या प्रतिकार पेशींना कामाला लावणाऱ्या पेशी) नसलेल्या उंदरांना संसर्ग दिला. विषाणू तेवढाच वाढला, पण पायाची सूज कमी आली. म्हणजे विषाणू आणि सूज यांचा हिशेब एकास एक नाही. सूज बऱ्याच अंशी आपल्याच पेशी आणतात.

मला स्वतःला दुसऱ्या मतात जास्त दम वाटतो, पण पहिलं मोडीत काढण्याइतका पुरावा नाही. तुमचे अनुभव आणि प्रश्न येऊ द्या.

कृष्णाकाठ

वाचनखूण साठवली. म्हंजे सगळा वाद एवढाच की वो, चोर अजून माळ्यावर लपलाय, का चोर कवाच पसार झालाय आणि आता पोलीसच घर सोडंनात?

रानजाई

@कृष्णाकाठ, माझ्या आठ परिच्छेदांचं काम तुम्ही एका ओळीत केलंत. फक्त तिसरी शक्यता जोडा: चोर गेला, पण त्याची टोपी माळ्यावर राहिली आणि ती बघून पोलीस हलत नाहीत. विषाणूचे नुसते अवशेष, ज्यांतून नवा विषाणू तयार होऊ शकत नाही असे, पेशींना चेतवत राहतात हीही एक गंभीरपणे तपासली जाणारी कल्पना आहे. २०१९ च्या उंदरांच्या प्रयोगाचा रोख बराचसा तिकडेच जातो.

मंजिरी_नागपूर

धाग्याबद्दल किती आभार मानू! गेल्या वर्षीच्या, म्हणजे २०२४ च्या साथीत मला झाला. नागपुरात तेव्हा घराआड एक पेशंट होता. नाकावर काळे डागसुद्धा आले होते, ते हळूहळू गेले. बोटं आणि मनगटं मात्र अजून सकाळी तासभर लाकडासारखी. पोळ्या लाटणं बंदच आहे, नवरा लाटून राहिला आहे (नकाशे होतात, पण चालतं). एका डॉक्टरांनी सगळे रिपोर्ट पाहून सांगितलं, शरीरात काहीच नाही, मन रमवा, भजनाला जा. मी त्या दिवशी गाडीत बसून रडले, बाप्पा.

प्रश्न असा की माझा आयजीएम अजून पॉझिटिव्ह येतो आहे. म्हणजे विषाणू आत आहेच नं?

साधा_डॉक्टर

मंजिरीताई, नाही. आयजीएम ही तुमच्या शरीराने बनवलेली प्रतिपिंडं आहेत, विषाणू नव्हे. चिकुनगुनियात ती कित्येक महिने पॉझिटिव्ह राहू शकतात. त्यावरून ‘विषाणू आहे’ असंही ठरत नाही आणि ‘बरं झालं नाही’ असंही नाही. ही तपासणी पुन्हा पुन्हा करून पैसे घालवू नका.

नाकावरचे डाग चिकुनगुनियात अगदी नेहमी दिसतात. काही वेळा आम्हाला निदानाची पहिली चाहूल तिथूनच लागते.

आणि ‘सकाळी तासभर’ हे जे लिहिलंत ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त टिकणारा आखडलेपणा, हालचाल केल्यावर कमी होणारा, हे सांध्यात दाह चालू असल्याचं लक्षण धरतात. दमल्यावर संध्याकाळी वाढणारी दुखणी बहुधा वेगळी असतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (संधिवाताच्या रक्ततपासण्या) या रोगात बहुतेकदा निगेटिव्ह येतात, ईएसआर आणि सीआरपी (दाह मोजणाऱ्या तपासण्या) सुद्धा कधी कधी सरळ असतात. म्हणून रिपोर्ट नॉर्मल म्हणजे सांधे नॉर्मल, असं होत नाही. हाताने चाचपून सूज बघावी लागते, हल्ली सांध्यांची सोनोग्राफीही करतात. संधिवात तज्ज्ञांना दाखवा.

बार्शीकर

बार्शीचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं, नाहीतर आम्ही नुसते वाचक. १९७३ ला मी शाळेत होतो. आमच्या गल्लीत एकही घर सुटलं नव्हतं. घरातली सगळी एकदम पडायची, पाणी द्यायलाही उभं राहणारं कोणी नसायचं. लोक भिंत धरून चालायचे. आमची थोरली आत्या तर पुढं लई दिवस जात्यावर बसू शकली नाही. पुण्याहून माणसं रक्त घ्यायला आली होती हे आठवतं, पण रोगाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते २००६ ला. त्या वर्षी पेपरात वाचून आम्ही म्हातारी मंडळी एकमेकांना म्हणालो, अरे, हे तर आपलंच.

रानजाई

बार्शीकर काका, लॉगिन केलंत ते फार बरं केलंत. ती पुण्याची माणसं एनआयव्हीचीच असणार, त्यांनी त्या साथीचा अभ्यास पुढे प्रसिद्ध केला. गावातल्या एक तृतीयांशाहून जास्त लोकांना लागण झाल्याची नोंद त्यात आहे.

आकडेमोड

उत्तम धागा, पण ६० टक्क्यांवर थोडं थांबू या. रेयुनियाँच्या त्या अभ्यासातले रुग्ण हॉस्पिटलात पोचलेले होते. ज्याला खूप दुखतं तोच तिथवर जातो, आणि ज्याचं अजून दुखतंय तोच तीन वर्षांनी बोलावल्यावर पुन्हा येतो. घरी पडून बरे झालेले या गणितात येतच नाहीत. गावोगाव फिरून केलेल्या पाहण्यांत टक्का याहून कमी निघतो. त्यात ‘दुखतं’ म्हणजे काय, हेही प्रत्येक अभ्यासात वेगळं असतं. कोणी नुसती तक्रार मोजतो, कोणी सूज मोजतो. तेव्हा ताप आलेल्या वाचकांनी लगेच तीन वर्षांचा हिशेब मांडू नये.

दुसरं म्हणजे २०१० च्या अभ्यासातला तो सांध्याचा तुकडा एकाच रुग्णाचा होता. आणि बारांकियात तपासलं ते सांध्यातलं पाणी, अस्तर नव्हे. पाण्यात नाही म्हणून अस्तरातही नाही, असं म्हणता येत नाही. दोन्ही बाजूंचा पुरावा वाटतो तितका पक्का नाही.

रानजाई

@आकडेमोड, बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). पाणी आणि अस्तर हा फरक तर सगळ्या वादाच्या मुळाशी आहे. अस्तराचा तुकडा काढायला सुई घालावी लागते, आणि निव्वळ संशोधनासाठी दुखऱ्या सांध्यात सुई घालून घ्यायला किती जण तयार होतील? म्हणून असे नमुने मोजकेच मिळतात.

रक्तावरचं काम जास्त झालंय. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या, २०१५ साली छापलेल्या अभ्यासात हैतीहून चिकुनगुनिया घेऊन परतलेल्या काही अमेरिकी लोकांच्या रक्तातल्या पेशी एकेक करून तपासल्या आणि संधिवाताच्या (आरए) रुग्णांच्या पेशींशी ताडून पाहिल्या. टी पेशींचं चित्र इतकं मिळतंजुळतं निघालं की रक्तावरून दोघांत फरक करणं अवघड. सिंगापूरच्या रुग्णांत सांधेदुखी टिकलेल्यांच्या रक्तात आयएल-६ आणि जीएम-सीएसएफ ही दाह पेटता ठेवणारी रसायनं चढी दिसली. मंजिरीताईंना ‘शरीरात काहीच नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं. काहीतरी आहे, फक्त नेहमीच्या लॅबच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.

निरुपद्रवी

सगळं ठीक, पण मुळात प्रतिकारशक्ती कमी असते म्हणूनच हे रोग रेंगाळतात ना? आमच्या काकांना झाला तेव्हापासून गुळवेल, हळद, अश्वगंधा सगळं चालू आहे. इम्युनिटी वाढली की रोग आपोआप पळतो. पूर्वीचे लोक असे सहा-सहा महिने कण्हत बसत नव्हते.

बार्शीकर

बसत होते हो. वर लिहिलं ना आत्याचं.

साधा_डॉक्टर

निरुपद्रवी, ‘वाढवायची’ म्हणजे नेमकं काय वाढवायचं? सीडी४ पेशी? आयएल-६? रानजाईंनी लिहिलेला उंदरांचा प्रयोग परत वाचा. ज्याचे सांधे सहा महिन्यांनी सुजलेत त्याची प्रतिकारशक्ती कमी नाही, नको तिथे नको तेवढी चालू आहे. आणि गुळवेल निरुपद्रवी आहे असं समजू नका (आयडीवर कोटी नाही). २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांचं यकृत बिघडल्याचं नोंदवलं, आणि तो बिघाड स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर हल्ला केल्यासारखा होता. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वादही झाला. माझ्यापुरतं सांगतो, सांधे धरलेल्या माणसाला मी ती घेऊ देत नाही, पुढे मेथोट्रेक्सेट (प्रतिकारयंत्रणेला आवर घालणारी गोळी) द्यायची वेळ येणार असेल तर मुळीच नाही. तीही गोळी यकृत सांभाळूनच द्यावी लागते.

आता उलट बाजूही लिहितो, कारण आमच्या पेशातही गोंधळ कमी नाही. ‘वाढवा’ चूक, म्हणून पहिल्या दिवसापासून ‘दाबा’, हेही चूकच. याची गोष्ट क्लोरोक्वीनची आहे. प्रयोगशाळेत पेशींवर हे औषध विषाणूला रोखतं, शिवाय संधिवातातही ते वापरतात. मग दोन्हीकडून फायदाच, असं वाटून २००६ मध्ये रेयुनियाँत ताप असतानाच ते रुग्णांना देऊन पाहिलं, खोट्या गोळीशी तुलना करून. रुग्ण पन्नासेकच होते. ताप काही लवकर उतरला नाही. आणि २०० व्या दिवशी विचारलं तेव्हा क्लोरोक्वीन घेतलेल्यांतच सांधेदुखीच्या तक्रारी जास्त! बरीच वर्षं याचा उलगडा नव्हता. २०१८ मध्ये माकडांवर तोच प्रयोग केला, तेव्हा दिसलं की औषधाने शरीराचा विषाणूला जाणारा प्रतिसादच लांबतो आणि विषाणूला जास्त मोकळीक मिळते.

जुनाट टप्प्यात? पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांच्या केंद्राने सांधे धरलेल्या ७० रुग्णांत क्लोरोक्वीन आणि मेलॉक्झिकॅम ही साधी वेदनाशामक गोळी यांची २४ आठवडे तुलना केली. ती २०१४ मध्ये छापून आली. दोन्ही गट सुधारले, क्लोरोक्वीन काही सरस ठरलं नाही. पुढे २०१७ मध्ये केरळमधून एक तुलना आली: नुसतं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन, की त्याच्या जोडीला मेथोट्रेक्सेट आणि सल्फासॅलाझिन. तिन्ही मिळून घेणाऱ्यांचा फायदा स्पष्ट जास्त होता. हा अभ्यास मात्र कोण काय घेतंय हे सगळ्यांना माहीत असलेला होता, तेवढं लक्षात ठेवायचं.

म्हणजे तोच रोग, तीच यंत्रणा, पण पहिल्या आठवड्यात तिला रोखणं अंगाशी येतं आणि चौथ्या महिन्यात तिला आवरल्याशिवाय सांधे मोकळे होत नाहीत. कधी, हा प्रश्न आधी. कोणतं औषध, हा नंतर. पहिल्या आठवड्यात म्हणूनच पॅरासिटामॉल, पाणी आणि विश्रांती. डेंगी नाही हे नक्की होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन आणि तशा वेदनाशामक गोळ्या नकोत, रक्तस्रावाचा धोका असतो. आणि साथीच्या दिवसांत सर्रास टोचली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शनं तर नकोच. दोन दिवस माणूस नाचतो, इंजेक्शनचा असर गेला की दुप्पट आडवा होतो.

कृष्णाकाठ

डॉक्टर, शेवटचा परिच्छेद छापून आमच्या गावातल्या मेडिकलवर चिकटवतो. आमच्यात दोन हजार सहाला ‘एक सुई आणि सलाईन’ याचा दरच ठरलेला होता.

एक शंका. सिंहगड रोडला गेल्या जानेवारीत (२०२५) ते जीबीएस (गुलेन-बारी सिंड्रोम) आलं होतं, माणसं पायातून लुळी पडत होती. मेव्हणा धायरीला राहतो, महिनाभर पाणी उकळून, गाळून, वर देवाचं नाव घेऊन पीत होता. तेही असंच का?

रानजाई

भाऊबंद आहे, पण यंत्रणा वेगळी. तिथे कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू बऱ्याच रुग्णांत सापडला. पोट बिघडवणारा जिवाणू. त्याच्या आवरणावर साखरेच्या ज्या साखळ्या असतात त्यांची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी जुळते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं आणि तीच मज्जातंतूंना जाऊन चिकटतात. जुलाब थांबून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर पाय लुळे पडतात ते त्यामुळे. इथे चेहरा ओळखण्यातच चूक झालेली असते, आणि कशाची चूक झाली ते आपल्याला माहीत आहे. म्हणून उपचारही नेमके आहेत: रक्तद्रव बदलणं (प्लाझ्मा एक्स्चेंज) किंवा इम्युनोग्लोब्युलिन देणं. बहुतेक जण हळूहळू बरे होतात, काहींना अशक्तपणा राहतो.

चिकुनगुनियात अशी सरळ ओळखीची चूक अजून कुणाला ठामपणे दाखवता आलेली नाही. अडचण तीच आहे.

ओलेती

लीड्सहून लिहितेय. मला सांध्यांचं नाही, कोविडनंतरचं आहे. नोकरी अर्धवेळ करावी लागली. धागा वाचताना सारखं वाटत राहिलं, आपल्याच घरचं कुणीतरी बोलतंय. इथेही तीच दोन मतं आहेत. विषाणू उरलाय म्हणणाऱ्यांनी पॅक्सलोविड (कोविडच्या विषाणूवरचं औषध) पंधरा दिवस देऊन पाहिलं, स्टॅनफर्डच्या चाचणीत फरक पडला नाही. येलच्या अकिको इवासाकी यांच्या गटाला २०२३ मध्ये रुग्णांच्या रक्तात थकलेल्या टी पेशी, कमी कॉर्टिसॉल आणि जुन्या एपस्टीन-बार विषाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांची वाढ दिसली. पण दिसणं वेगळं आणि उपचार मिळणं वेगळं.

मंजिरी, ‘मन रमवा’ आम्हालाही सांगितलं. एमई किंवा सीएफएस म्हणतात त्या दीर्घ थकव्याच्या आजाराच्या लोकांना इथे वर्षानुवर्षं सांगितलं जायचं की व्यायाम थोडा थोडा वाढवत न्या. २०११ ला एका मोठ्या चाचणीने त्याला पाठिंबा दिला, रुग्णांनी आणि काही शास्त्रज्ञांनी त्या चाचणीची चिरफाड केली, आणि अखेर २०२१ मध्ये इथल्या नाइस या (उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या) संस्थेने ठरावीक चढत्या व्यायामाची शिफारस काढून टाकली. दहा वर्षं गेली त्यात. त्या दहा वर्षांत किती जणी ढकलून ढकलून अंथरुणाला खिळल्या असतील, त्याचा विचार केला की संताप येतो.

साधा_डॉक्टर

ओलेतीताई, तुमचा मुद्दा रास्त आहे, पण इथे सांधेवाले वाचक जास्त आहेत म्हणून एक फरक लिहितो. एमई किंवा लाँग कोविडमध्ये थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळंच कोसळतं, त्यांना व्यायाम वाढवायला लावणं घातक. चिकुनगुनियाच्या सांध्यांना मात्र हलकी, रोजची हालचाल लागते, नाहीतर ते आखडतात. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं उघडमीट करणं, एवढ्याने सुरुवात. ज्याला दोन्ही आहे, म्हणजे सांधेही आणि श्रमानंतरची ती पडझडही, त्याने आधी शक्ती जपावी.

आकडेमोड

ओलेतींनी विषय काढलाच आहे तर नॉर्वेची कथा सांगतो, कारण उद्या कुणीतरी इथे ‘अमुक इंजेक्शनने बरा झालो’ म्हणून लिंक टाकणार आहे. तिथे दोन कर्करोगतज्ज्ञांना दिसलं की कर्करोगासाठी केमोथेरपी घेतलेल्या रुग्णाचा एमई सुधारला. त्यावरून त्यांनी रिटुक्सिमॅबची (प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी काढून टाकणारं औषध) ३० जणांवर छोटी चाचणी केली, २०११ मध्ये निकाल उत्साहवर्धक आले, जगभर आशा पसरली. मग त्यांनीच १५१ जणांवर, खोट्या औषधाशी तुलना करून, मोठी चाचणी केली. २०१९ चा निकाल: काही फरक नाही. स्वतःचीच कल्पना स्वतः तपासून पाडली आणि तसं छापलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पण त्या आठ वर्षांत कितीतरी रुग्णांनी पदरचे पैसे घालून ते औषध घेतलं असेल.

निरुपद्रवी

ठीक आहे, गुळवेलीचा मुद्दा मान्य करतो. पण मग लस का नाही काढत? एवढे सगळे उंदीर मारण्यापेक्षा?

रानजाई

काढली आहे. पहिली लस अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली, अशक्त केलेल्या जिवंत विषाणूची. २०२५ मध्ये रेयुनियाँत पुन्हा मोठी साथ आली तेव्हा ती दिली, आणि वयस्कर लोकांत गंभीर दुष्परिणाम दिसल्यावर ६५ च्या पुढच्यांसाठी थांबवावी लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने तिचा परवाना स्थगित केला. दुसरी लस विषाणूच्या नुसत्या पोकळ कवचाची आहे, ती फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर झाली. भारतात बाजारात अजून एकही नाही. हैदराबादच्या भारत बायोटेकची मृत विषाणूची लस चाचण्यांत आहे. आणि लस संसर्ग टाळेल, ज्यांचे सांधे आधीच धरलेत त्यांना तिचा उपयोग नाही.

उंदरांबद्दल: ते नसते तर सीडी४ पेशींचं कळलं नसतं. तरी तुमच्या म्हणण्यात एक खोच आहे. उंदराच्या पायाची सूज काही आठवड्यांत उतरते, मंजिरीताईंची वर्षभर उतरत नाही. जुनाट आजाराचं चांगलं प्राणी-प्रारूप आपल्याकडे नाही, आणि पैसा साथ असेपर्यंतच वाहतो. साथ ओसरली की रुग्ण उरतात, निधी उरत नाही. २००६ च्या रुग्णांचा दहा-पंधरा वर्षं सलग पाठपुरावा आपल्याकडे झाला असता तर आज आकडेमोड यांना रेयुनियाँच्या टक्क्यांवर भांडावं लागलं नसतं.

मंजिरी_नागपूर

अपडेट देते. संधिवात तज्ज्ञांकडे जाऊन आले. त्यांनी बोटं एकेक करून दाबून पाहिली, ‘सूज आहे’ म्हणाले. मला इतकं बरं वाटलं की सूज आहे ऐकून आनंद होणारी मी पहिलीच असेन. आरए फॅक्टर, सीसीपी दोन्ही निगेटिव्ह. मेथोट्रेक्सेट सुरू करायचं म्हणतात. सासूबाई घाबरल्या आहेत, नेटवर कॅन्सरचं औषध लिहिलं आहे म्हणून. घेऊ नं?

साधा_डॉक्टर

प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांनी दिलंय तर त्यांचंच ऐका. सासूबाईंना सांगा, कर्करोगात याची मात्रा खूप मोठी असते, सांध्यांसाठी ती अगदी कमी, आणि हे औषध संधिवातात कित्येक दशकं वापरात आहे.

एकच गोष्ट ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावा: मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. रोज नाही. वार ठरवून घ्या. रोजची गोळी समजून घेतल्याने माणसं दगावलेली आहेत. सोबत फॉलिक अ‍ॅसिड देतील, ते चुकवू नका. सुरू करण्याआधी आणि नंतर ठरलेल्या अंतराने रक्ताची आणि यकृताची तपासणी. दारू नको, गुळवेल नको. मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गरोदरपणात हे औषध चालत नाही. आणि परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, पंधरा दिवसांनी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका.

मंजिरी_नागपूर

लिहिलं. रविवार ठरवला.

कृष्णाकाठ

रविवार नको हो ताई, पाहुण्यांच्या गडबडीत विसराल. बुधवार धरा.